मत वेगळं, पाळी एकच

घिवली हे पालघर तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. शेजारी तारापूरचा अणुऊर्जा प्रकल्प. देशातला हा पहिला अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला आणि पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आत बोईसरच्या अंगाला तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तिथे रसायनं, औषधं, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. समोर समुद्र, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली मच्छीमार घरं. उत्तरेला डहाणू तालुक्यात वाढवण. तिथल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली.

या पट्ट्यात राजकारण हे पोटापाण्याच्या आतच असतं. वडील होडीवर जातात आणि बंदराच्या विरोधातल्या मोर्चाला उभे राहतात. मुलगा वसाहतीतल्या ज्या कंपनीत आहे, तिचा मालक बंदराची वाट पाहतोय. कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे खाड्या आणि किनारा खराब झाला, म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, आणि त्याच समाजातली कितीतरी मुलं या कारखान्यांच्या हजेरीपटावर आहेत. त्यांच्या शेजारी उभा राहणारा ऑपरेटर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा ओडिशातून आलेला असतो. सुपरवायझर घाटावरचा, मालक गुजराती, हेल्पर जव्हार-विक्रमगडकडचा वारली. कुणाचे रोजे चालू असतात, कुणाचा श्रावण. निवडणूक आली की प्रत्येकाच्या फोनवर वेगळा झेंडा.

अशा ठिकाणी ‘कामावर राजकारण आणि धर्म बोलूच नये’ हा सल्ला कितपत उपयोगी पडतो? थोडासाच. माणूस गेटवर हजेरी लावताना आपला धर्म आणि आपलं मत बाहेर ठेवून येऊ शकत नाही. त्याच्याकडे मत असणारच. आपल्या हातात एवढंच असतं की त्या मतावरून आपण एकमेकांशी वागणं बदलायचं की नाही. या प्रकरणाचा सगळा भर तिथे आहे.

पाळी बदलतानाची दहा मिनिटं

रसायनाच्या कारखान्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला प्लांट ‘हातात देतो’. रिअ‍ॅक्टरचं तापमान किती आहे, कोणता पंप दुरुस्तीला काढलाय, कोणत्या व्हॉल्व्हला टॅग लावलाय, कोणता अलार्म सकाळपासून उगाच वाजतोय, हे सगळं सांगायचं असतं. लॉगबुकमध्ये लिहिलेलं असतंच. पण लिहिण्याजोगं न वाटलेलं बरंच काही तोंडीच कळतं: ‘जॅकेटचं पाणी आज जरा कमी येतंय, लक्ष ठेव.’

आता समजा, या दोघांत आदल्या आठवड्यात निवडणुकीवरून किंवा मशीद-मंदिरावरून कडाक्याचं भांडण झालंय. तेव्हापासून बोलणं बंद. एक जण लॉगबुकवर सही करून निघून जातो, दुसरा काही विचारत नाही. रिअ‍ॅक्टर थंड ठेवणाऱ्या जॅकेटच्या पाण्याचं कुणालाच कळत नाही.

बोलणं तुटल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल फलाटाने दाखवून दिलं. ६ जुलै १९८८ च्या रात्री तिथे स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. ही गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत नीट पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच सुरू केला आणि गॅस सुटला. तिथे राजकीय भांडण काही नव्हतं. कागद आणि बोलणं यांच्यात एक गोष्ट निसटली, एवढंच. तारापूरच्या वसाहतीनेही स्फोट आणि आगी पाहिल्या आहेत. जानेवारी २०२० च्या स्फोटात कामगारांचे जीव गेले. अशा अपघातांची कारणं तांत्रिक असतात, ती कुणाच्या मतभेदाच्या माथी मारू नयेत. पण अपघात टाळणाऱ्या ज्या गोष्टी आहेत, त्यात माणसांचं एकमेकांशी मोकळेपणाने बोलणं वरच्या क्रमांकावर आहे.

म्हणून पहिला नियम असा: भांडण कितीही झालेलं असो, कामाचं बोलणं एक दिवसही थांबवायचं नाही. ‘कालचं काल. आज प्लांटचं सांग,’ हे वाक्य ज्याला म्हणता येतं, तो माणूस पाळीचा खरा जबाबदार. ज्याला तेवढंही जमत नसेल, त्याने सुपरवायझरला मध्ये घ्यावं, पण निरोप पोहोचल्याशिवाय गेट ओलांडू नये.

फोनवरची दोन उदाहरणं, दोन्ही पालघरची

कामावरच्या बहुतेक वादांची ठिणगी हल्ली डब्याच्या वेळी पडत नाही, फोनवर पडते. याचे दोन मोठे धडे याच मुलखात मिळाले आहेत.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदविषयी पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर आपलं मत लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर चर्चा झाली, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. या आणि अशा अटकांमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. आज देशातला प्रत्येक जण फोनवर जेवढ्या निर्धास्तपणे लिहितो, त्यात पालघरच्या त्या दोन मुलींचा वाटा आहे.

दुसरं उदाहरण एप्रिल २०२० चं, टाळेबंदीतलं. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार मारलं. त्या दिवसांत चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा गावागावांत पसरल्या होत्या. हत्येनंतर अफवांची दुसरी लाट आली. ही घटना हिंदू-मुस्लिम संघर्षाची आहे असे संदेश फिरू लागले. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादीच जाहीर करून सांगावं लागलं की त्यात मुस्लिम कुणी नाही. पहिल्या अफवेने तीन जीव गेले. दुसरीने किती शेजाऱ्यांची आणि सहकाऱ्यांची मनं एकमेकांपासून तोडली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

दोन्ही घटनांतून कामावरच्या माणसाने दोन वेगळ्या गोष्टी घ्याव्यात. आपलं मत आपल्या नावाने, आपल्या भिंतीवर लिहिणं हा हक्क आहे, आणि सहकाऱ्याचाही तो तेवढाच आहे. त्याची पोस्ट पटली नाही म्हणून ती साहेबाला नेऊन दाखवणं हा भेकडपणा आहे. पण कुठून आलं ते माहीत नसलेला संदेश पुढे ढकलणं म्हणजे मत मांडणं नव्हे. आणि पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर दोन्ही नको. तो ग्रुप ड्युटी, बस आणि ओव्हरटाइम यांच्यासाठी आहे. तिथला माणूस कामामुळे बांधलेला असतो, त्याला ‘एक्झिट’ करायची सोय नसते. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यापुढे प्रचार करू नये.

टिळक, आगरकर आणि एक उपयोगी प्रश्न

मतभेद झाले म्हणजे एकत्र काम करणं अशक्य, असं मानणाऱ्यांनी आणि उलट, कितीही मतभेद असले तरी चिकटून राहावं असं मानणाऱ्यांनीही पुण्यातली एक जुनी गोष्ट नीट पाहावी.

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे कॉलेजपासूनचे मित्र. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एकत्र शिकवलं. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. बदनामीच्या एका खटल्यात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र शिक्षा भोगली. ‘केसरी’चे संपादक आगरकर होते. समाजसुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, धर्माच्या चालीरीतींत कायद्याने हात घालावा की नाही, यावरून दोघांचं पटेनासं झालं. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. पुढे १८९० मध्ये टिळक ही शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. मग दोन्ही पत्रांतून एकमेकांवर जे लिहिलं गेलं, ते मुद्द्यापाशी थांबलं नाही. १८९५ साली आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा त्यांच्यावर मृत्युलेख लिहिण्याची वेळ टिळकांवर आली.

आगरकरांनी ‘केसरी’ सोडणं योग्यच होतं. वर्तमानपत्राचं काम म्हणजेच मत मांडणं. तिथे मतभेद हा कामाबद्दलचाच मतभेद होता. पण त्याच सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजातली दुसरी घटना पाहा. टिळकांनी सोडलेल्या जागी गणित शिकवायला १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला. मुरुड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कॉलेजातली त्यांची नोकरी मात्र राहिली, आणि ते कित्येक वर्षं गणित शिकवत राहिले. पुण्यात त्यांच्या लग्नाला नाकं मुरडणारे लोक कमी नव्हते. पण गणित शिकवण्याशी त्या लग्नाचा काही संबंध नव्हता.

यातून एक प्रश्न मिळतो, तो खिशात ठेवावा: हा मतभेद आमच्या कामाबद्दल आहे की कामाबाहेरचा? कंपनी सांडपाणी रात्री नाल्यात सोडते आणि तुम्हाला ते पटत नाही, तर तो मतभेद कामाबद्दलचा आहे. तिथे गप्प राहू नये. बोलावं, लेखी द्यावं, प्रसंगी नोकरी सोडण्याचीही तयारी ठेवावी. पण सहकारी कुणाला मत देतो, कोणत्या देवाला हात जोडतो किंवा जोडत नाही, हे कामाबाहेरचं आहे. त्यावर चहा घेताना वाद घालता येईल, त्यावरून त्याची ओव्हरटाइमची पाळी कापता येणार नाही.

साहेबाचं मत

दोन कामगार वाद घालतात तेव्हा दोघांचं वजन सारखं असतं. साहेबाचं मत मात्र हुकमासारखं ऐकू येतं. तो सहज म्हणाला, ‘यंदा अमुकच आले पाहिजेत,’ तरी समोरच्या कंत्राटी कामगाराच्या डोक्यात पहिला विचार येतो तो पुढच्या महिन्याच्या गेटपासचा. म्हणून मर्यादा पाळण्याची मोठी जबाबदारी वरच्या माणसाची आहे.

सरकारी नोकरीत ही मर्यादा लिहूनच ठेवली आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधल्या पाचव्या नियमानुसार सरकारी कर्मचारी राजकीय पक्षाचा सभासद होऊ शकत नाही, प्रचार करू शकत नाही. त्याला मतदानाचा हक्क आहे, पण आपण मत कुणाला देणार किंवा दिलं हे त्याने सूचितही करायचं नाही. अंगावर, वाहनावर किंवा घरावर निवडणूक चिन्ह लावणं हाही प्रभाव टाकण्याचाच प्रकार धरला जातो. महाराष्ट्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे नियम याच धर्तीचे आहेत. खासगी कंपनीतल्या कामगाराला असं बंधन नाही. तो पक्षाचा कार्यकर्ता असू शकतो, ग्रामपंचायतीला उभा राहू शकतो. फक्त कंपनीच्या आवारात सभा घेणं किंवा पैसे गोळा करणं, याला परवानगी लागते.

मालकावरही बंधनं आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते. ज्या कामावरून माणूस हलला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल, तिथे अपवाद आहे, आणि सतत चालणाऱ्या प्लांटमध्ये तो लागू पडतो. तिथल्या कामगाराने पाळी कशी लावून घेता येईल हे आठवडाभर आधीच विचारून ठेवावं. ‘अमक्याला मत दिलं नाहीस तर नोकरी जाईल’ अशी भीती घालणं हा निवडणुकीतला गुन्हा आहे. आणि मत गुप्त आहे. विचारणारा कितीही मोठा असो, उत्तर देण्याचं बंधन नाही.

प्रत्यक्षात साहेब समोर बसून विचारतात तेव्हा काय बोलावं? लांब भाषणाची गरज नसते. ‘साहेब, मतदान करणार हे नक्की. कुणाला, ते पेटीलाच सांगतो,’ एवढं हसून म्हटलं तर बहुतेक साहेब विषय सोडतात. पुन्हा ओढलंच, तर शांतपणे सांगावं, ‘साहेब, यात माझं मत वेगळं आहे. कामात त्याचा फरक पडू देणार नाही.’ वाढवणसारखा विषय असेल आणि तुमचं घर किनाऱ्यावरचं असेल, तर लपवण्यासारखं काही नाही: ‘आमचं घर समुद्रावर चालतं साहेब, तुम्हाला माल लवकर हवा. दोघांचं खरं आहे.’ असं बोलणाऱ्या माणसाला साहेबही मान देतो.

आणि साहेबांसाठी एकच सूचना. तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्या मताला मान डोलावतो, याचा अर्थ त्याला ते पटलं असा धरू नका. केबिनमध्ये तुमचं मत जितकं कमी ऐकू येईल, तितकी तुमच्याकडे खरी माहिती जास्त येईल.

सण, सुट्ट्या आणि खंडेनवमीची पूजा

धर्माचा प्रश्न कामावर येतो तो बहुधा वाद म्हणून येत नाही, सुट्टीचा अर्ज म्हणून येतो. नारळी पौर्णिमा मच्छीमाराला हवी, छठ बिहारच्या माणसाला, ईद मुस्लिम कामगाराला, नाताळ ख्रिस्ती सहकाऱ्याला, आणि चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा डहाणूकडच्या सगळ्यांनाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं-कार्यालयांसाठी यावर चांगला मार्ग काढला आहे; कारखान्यांना तो कायदा लागू नसला, तरी मार्ग घेण्याजोगा आहे. वर्षात आठ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि बाकीच्या चार मालक व कामगार यांनी आपसात ठरवायच्या. या चार सुट्ट्या बहुसंख्यांनी परस्पर वाटून घ्यायच्या नसतात. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना बसवून, प्रत्येकाला कोणता दिवस खरोखर हवा ते विचारून ठरवल्या, तर पुढच्या वर्षभराची कुरबुर निम्मी होते. उरलेलं काम अदलाबदलीने भागतं: ‘दादा, ईदला तू जा, मी तुझी नाईट करतो. दिवाळीत माझी तू कर.’ बोईसरमध्ये अनेक पाळ्या अशाच चालतात, आणि सर्वधर्मसमभावाचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

खंडेनवमीला किंवा १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला मशीनवर हार चढतो. पॅनलला हळदकुंकू, दारावर झेंडूचं तोरण, मालक नारळ फोडतो, सगळे रांगेत उभे. त्या रांगेतला एक फिटर दुसऱ्या धर्माचा आहे. त्याने काय करावं? १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे केरळमधल्या तीन मुलांचा प्रश्न आला होता. ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गाण्याची सक्ती नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तो निकाल शाळेपुरता असला, तरी त्यातला शहाणपणा कारखान्यालाही लागू पडतो. फिटरने शांत उभं राहावं, प्रसाद घ्यायचा की नाही ते त्याचं त्याने ठरवावं. बाकीच्यांनी त्याच्या कपाळाकडे पाहू नये. वर्गणीचंही तसंच. गणपतीची असो की उरुसाची, वर्गणीची वही पाळीत सर्वांदेखत फिरवू नये. न देणाऱ्याचं नाव सगळ्यांना दिसलं की ती वर्गणी राहत नाही, वसुली होते.

जिथे समजूतदारपणा पुरत नाही

आतापर्यंत मतभेद सांभाळण्याबद्दल लिहिलं. पण प्रत्येक गोष्टीला मतभेद म्हणून झाकू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्टं होतं या कारणावरून सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संघटनेपुढे आणि मालकांपुढे ठेवला. वरवर पाहता ती कुणाची तरी धार्मिक समजूत होती. प्रत्यक्षात त्या समजुतीमुळे एका माणसाची भाकरी लहान होत होती.

हीच रेघ आजही ओढायची. कुणाच्या श्रद्धेमुळे किंवा पक्षामुळे दुसऱ्याची बढती, पाळी, पगार, पाण्याचा ग्लास किंवा मान कमी होत असेल, तर तो अन्याय आहे आणि तो गोड बोलून सहन करायचा नाही. सरकारी नोकरीत धर्म-जातीवरून भेदभाव करायला संविधानाच्या सोळाव्या कलमाने मनाई आहे. खासगी नोकरीला ते कलम थेट लागत नाही, पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना व अनुचित प्रथा कायद्याने गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. तक्रार करायची तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत. आधी वरिष्ठाकडे, मग व्यवस्थापनाकडे लेखी, मग युनियन आणि कामगार आयुक्त कार्यालय. आणि जो शेजारी उभा राहून हे पाहतो, त्याने दुसऱ्या दिवशी ‘मी होतो तिथे’ एवढं सांगायची हिंमत ठेवावी. अन्याय सोसणाऱ्याला कायद्याइतकाच या वाक्याचा आधार असतो.

टिकणारं नातं कोणतं

पालघरने गेल्या काही वर्षांत राजकारणाची उलथापालथ जवळून पाहिली. मे २०१८ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत भाजप आणि शिवसेना हे मित्रपक्ष इथे एकमेकांविरुद्ध लढले. भाजपचे राजेंद्र गावित निवडून आले. पुढच्याच वर्षी दोन्ही पक्षांची युती झाली आणि गावित शिवसेनेकडून खासदार झाले. २०२४ मध्ये ते आधी भाजपमध्ये गेले, आणि त्याच वर्षी शिवसेनेकडून आमदार झाले. राजकारणात समीकरणं बदलतात, तो त्या क्षेत्राचा स्वभाव आहे. पण २०१८ च्या त्या मे महिन्यात बोईसरच्या कॅन्टीनमध्ये ज्यांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, त्यांच्यासाठी वर्षभरात कुणी युती जाहीर केली नाही. ती त्यांची त्यांनाच करावी लागते.

पक्ष सत्तेवर येतील, जातील. बंदर होईल तेव्हा होईल, आणि त्याबद्दल लढायचं असेल तर सनदशीर मार्गाने जरूर लढावं. पण रात्री अडीच वाजता गॅसचा अलार्म वाजला, तर मास्क घेऊन धावत येणारा शेजारच्या पाळीतला माणूसच असतो. त्याचं मत बदलायच्या मागे लागू नका. त्याला नावाने हाक मारा, त्याचं काम मोकळेपणाने वाखाणा, त्याच्यावर अन्याय झाला तर बोला, आणि तुमचं मत त्याला कधी पटलं नाही तरी पाळीचा निरोप पूर्ण द्या.